लूसी, चॉकलेटं आणि तीन तोंडांचा राक्षस

चॉकलेटच्या कारखान्यात दोघीजणी उभ्या आहेत. अंगात पांढरे झगे, डोक्यावर फुगीर पांढऱ्या टोप्या. समोरून एक पट्टा सरकतोय आणि त्यावरून एकेक चॉकलेट येतंय. काम अगदी सोपं. चॉकलेट उचलायचं, कागदात गुंडाळायचं, परत पट्ट्यावर ठेवायचं. खडूस मुकादमीणबाईंनी मात्र आधीच दम भरलाय: एक जरी चॉकलेट कागदाशिवाय पुढच्या खोलीत गेलं, तर दोघींची नोकरी गेलीच म्हणून समजा!

सुरुवातीला मजेत चाललेलं असतं. मग पट्टा जरा भरभर पळायला लागतो. मग आणखी भरभर. हात पुरेनासे होतात. आता करायचं काय? एकीने दोन चॉकलेटं तोंडात कोंबली. दुसरीने झग्यात टाकली. मग टोपीत. मग पुन्हा तोंडात. तेवढ्यात मुकादमीणबाई तपासायला हजर! दोघींचे गाल टम्म फुगलेले, तोंडातून अवाक्षर निघायची सोय नाही. बाई पट्ट्याकडे बघतात. उघडं चॉकलेट एकही नाही. वा, किती चटपटीत मुली! बाई खूश होतात आणि आतल्या माणसाला ओरडून सांगतात, पट्टा अजून जोरात सोड!

हा प्रसंग अमेरिकेतल्या लोकांनी टीव्हीवर पाहिला १५ सप्टेंबर १९५२ रोजी. तुमचे आजी-आजोबा तेव्हा कदाचित रांगत असतील, किंवा जन्मलेही नसतील. आपल्याकडे तर टीव्ही नावाची वस्तूच नव्हती. दिल्लीत टीव्ही आला १९५९ साली आणि मुंबईत १९७२ साली. पण आज तुम्ही तो प्रसंग पाहिलात तर इंग्रजीचा एक शब्द कळला नाही तरी पोट धरून हसाल. आणि हसून झालं की एक गोष्ट लक्षात येईल. चित्र किती लख्ख आहे! सत्तर वर्षांहून जुनं, तरी चॉकलेटवरची चमकसुद्धा दिसते. त्या काळातल्या टीव्हीच्या इतर कितीतरी कार्यक्रमांचा आज मागमूसही नाही. ते एकदा दिसले आणि हवेत विरून गेले. मग या दोघींचीच चॉकलेटं इतकी ताजी कशी राहिली?

त्याचीच ही गोष्ट. तिच्यात एक भांडण आहे, थोडी चांदी आहे आणि तीन तोंडांचा एक राक्षसही आहे.

मालिकेचं नाव ‘आय लव्ह लूसी’. अशा मालिकांना सिटकॉम म्हणतात. तीच माणसं, तेच घर, पण दर आठवड्याला नवा घोटाळा. लूसी रिकार्डो न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या घरात राहते. तिचा नवरा रिकी क्युबा देशातून आलेला, नाइटक्लबमध्ये बँड चालवणारा. लूसीला एकच ध्यास, आपणही रंगमंचावर चमकायचं! गाता येत नाही, तरी चमकायचं. नवरा नको नको म्हणतो, तरी चमकायचंच. वरच्या मजल्यावर, की खालच्या, घरमालक फ्रेड आणि त्याची बायको एथेल राहतात. (मालिकेत घरांचा पत्ता मधूनच बदलतो, त्यामुळे त्या भानगडीत पडू नका.) लूसीने उद्योग काढायचा आणि एथेलने कुरकुरत तिच्या मागे जायचं, हे ठरलेलं. चॉकलेटं कोंबणारी दुसरी बाई म्हणजे ही एथेल.

त्याच भागात दोघी कारखान्यात असताना दोघींचे नवरे घरी स्वयंपाक करतात. रिकी भात लावतो, पण तांदूळ घेतो भरमसाट. तुमच्या घरी कुकर लावताना बघा. एक वाटी तांदूळ घातला तर साधारण तीन वाट्या भात होतो. तांदळाच्या दाण्यात स्टार्चचे बारीक बारीक कण असतात. गरम पाण्यात ते पाणी पिऊन फुगतात, म्हणून दाणाही फुगतो. रिकीला हे गणित माहीत नाही. मग भात पातेल्याबाहेर येतो, शेगडीवरून खाली उतरतो आणि स्वयंपाकघरभर पसरतो. आजी म्हणेल अन्नाची नासाडी, आणि तिचं बरोबरच आहे. पण हसू आवरत नाही.

लूसीचं काम करणारी नटी होती लुसिल बॉल. जन्म ६ ऑगस्ट १९११, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन या छोट्या गावात. रिकी झालेला देसी आर्नाझ हा तिचा खराखुरा नवरा. तो खरोखरच क्युबाचा. त्याचे वडील सँतियागो शहराचे महापौर होते. १९३३ साली तिथे क्रांती झाली, घरदार गेलं आणि बापलेक अमेरिकेत मायामीला आले. महापौरांचा हा मुलगा तिथे काय काम करत होता, माहितेय? कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे साफ करत होता! पुढे ढोल वाजवता वाजवता तो बँडवाला झाला, मग सिनेनट झाला आणि १९४० साली लुसिलशी त्याचं लग्न झालं.

लुसिल आधी रेडिओवर एका विनोदी मालिकेत काम करायची. सीबीएस या वाहिनीला तीच मालिका टीव्हीवर हवी होती. लुसिल म्हणाली, नवऱ्याचं काम देसी करणार असेल तर मी तयार आहे. वाहिनीवाल्यांनी नाकं मुरडली. परदेशी उच्चारांचा हा माणूस अमेरिकन बाईचा नवरा म्हणून लोकांना पटेल का? अहो, पण तो तिचा नवराच आहे की! दोघांनी वाद घातला नाही. १९५० साली ते गावोगाव फिरले, रंगमंचावर एकत्र विनोदी कार्यक्रम केले, आणि लोकांनी टाळ्यांनी उत्तर दिलं.

आता भांडणाकडे येऊ.

१९५१ सालचा टीव्ही बहुतेक सगळा ‘लाइव्ह’ असायचा. म्हणजे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत नट बोलतोय आणि त्याच क्षणी लोक घरी बघतायत. चूक झाली तर झाली! टीव्हीचं चित्र साठवून ठेवणारी टेप तेव्हा नव्हती. ती वापरात आली १९५६ साली. त्यातून अमेरिका हा अवाढव्य देश. पूर्वेला न्यूयॉर्क, पश्चिमेला लॉस एंजेलिस, दोन्हीकडच्या घड्याळांत तीन तासांचा फरक. दोन किनारे जोडणारी मायक्रोवेव्ह मनोऱ्यांची साखळी सप्टेंबर १९५१ मध्ये कशीबशी सुरू होत होती. मग तोवर पश्चिमेचे लोक टीव्हीवर काय बघायचे?

ते बघायचे किनेस्कोप. टीव्हीच्या पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा ठेवायचा आणि पडद्यावर दिसतंय त्याचीच फिल्म काढायची, याला म्हणायचं किनेस्कोप. तुम्ही कधी टीव्हीवरची क्रिकेट मॅच मोबाइलने चित्रित केलीय? रेघा दिसतात, चित्र फडफडतं, रंग भलतेच येतात. इथेही तसंच व्हायचं. अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला ३० चित्रं उमटायची आणि सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ टिपायचा. दोघांचा मेळ बसवताना खटाटोप व्हायचा. शिवाय टीव्हीचं चित्रच मुळात ५२५ आडव्या रेघांनी बनलेलं, त्याची नक्कल आणखी फिकी. हा असला धुरकट माल पश्चिमेकडे पाठवायचा. दाखवून झाला की बऱ्याचदा फेकून द्यायचा.

मालिकेला पैसे पुरवणारी होती एक सिगारेट कंपनी. (तेव्हा टीव्हीवर सिगारेटच्या जाहिराती राजरोस चालायच्या. आता बंदी आहे, बरं झालं.) कंपनी म्हणाली, न्यूयॉर्कला या आणि तिथून लाइव्ह करा. आमची जास्त गिऱ्हाइकं पूर्वेला आहेत, त्यांना आम्ही धुरकट चित्र दाखवणार नाही. लुसिल आणि देसी म्हणाले, आम्ही हॉलिवूडचं घर सोडणार नाही. जुलै १९५१ मध्ये त्यांना मुलगी झाली होती. तान्हं बाळ घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला कोण जाणार?

मग तोडगा निघाला. लाइव्ह नको आणि किनेस्कोपही नको. मालिका थेट सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करू. त्याच फिल्मच्या प्रती काढून पूर्वेला आणि पश्चिमेला पाठवू, म्हणजे सगळ्यांना एकसारखं स्वच्छ चित्र दिसेल. पण फिल्म महाग! वाढलेला खर्च कोण सोसणार? देसी म्हणाला, आम्ही दोघं पगार थोडा कमी घेतो, पण या फिल्म आमच्या मालकीच्या राहतील. वाहिनीने मान डोलावली. एकदा दाखवून झालेला कार्यक्रम पुन्हा कोण बघणार, असंच तेव्हा सगळ्यांना वाटायचं. पिंजरे साफ करणाऱ्या पोराने त्या दिवशी केवढा सौदा केला, हे पुढे कळेलच.

जरा थांबून फिल्म म्हणजे काय ते बघू. पारदर्शक पट्टीवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण जिलेटिनमध्ये मिसळून लावलेले असतात. कॅमेऱ्याची झडप उघडली की प्रकाश आत शिरतो. जिथे प्रकाश जास्त पडतो तिथल्या कणांमध्ये बदल होतो. मग रसायनात धुतल्यावर तिथे खऱ्याखुऱ्या चांदीचे सूक्ष्म कण उरतात, आणि ते दिसतात काळे. म्हणजे लूसीच्या पांढऱ्या टोपीच्या जागी मूळ फिल्मवर काळं दिसतं आणि काळ्या जागी पारदर्शक. त्यावरून दुसरी फिल्म काढली की सगळं सुलट होतं. असे सेकंदाला २४ फोटो, म्हणजे मिनिटाला १४४०. लूसीचे फुगलेले गाल अशा हजारो फोटोंतून चांदीत उतरलेत. नीट थंड, कोरड्या जागी ठेवली तर ही चांदी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. टीव्हीच्या ५२५ रेघांपेक्षा कितीतरी जास्त बारकावे तिच्यात असतात, म्हणून आजच्या मोठ्या पडद्यावरही लूसी स्वच्छ दिसते.

पण अडचण संपली नव्हती. लुसिलला समोर माणसं लागायची. हसणारी, खरीखुरी माणसं. त्याशिवाय तिचा विनोद खुलायचा नाही. सिनेमाचं चित्रीकरण कसं चालतं? एक छोटासा तुकडा घ्यायचा, थांबायचं, दिवे हलवायचे, कॅमेरा हलवायचा, तासाभराने पुढचा तुकडा. असं चाललं तर समोर बसलेले प्रेक्षक जांभया देऊन घरी जातील. प्रसंग सलग व्हायला हवा, नाटकासारखा, आणि तो फिल्मवर उतरायलाही हवा.

उपाय म्हणजे एकाच वेळी तीन कॅमेरे. मधला सगळं घर दाखवणार आणि बाजूचे दोन चेहऱ्यांजवळचं टिपणार. ही युक्ती देसीने पहिल्यांदा शोधली असं बरेच जण सांगतात. ते काही तितकंसं खरं नाही. तसे प्रयोग आधीही झाले होते. पण प्रेक्षकांसमोर, फिल्मवर, दर आठवड्याला न चुकता हे करून दाखवण्याची घडी बसवली ती मात्र याच मंडळींनी. हॉलिवूडच्या स्टुडिओत त्यांनी सुमारे ३०० खुर्च्या मांडल्या. लोकांना थेट रस्त्यावरून आत येता यावं म्हणून वेगळं दारसुद्धा केलं.

तीन कॅमेऱ्यांसाठी उजेड कसा द्यायचा, हा खरा पेच होता. एका बाजूने छान दिसणारा उजेड दुसऱ्या बाजूने बघितला तर नाकाची सावली गालावर पाडतो. आणि जमिनीवर दिवे ठेवावेत तर चाकांवर फिरणारे कॅमेरे त्यांच्यावर धडकणार! त्यासाठी त्यांनी एका म्हाताऱ्या जादूगाराला गाठलं. कार्ल फ्रॉइंड त्याचं नाव. जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’ हा यंत्रमानवाचा गाजलेला मूकपट झाला, त्याच्या कॅमेऱ्यामागे हा होता. पुढे अमेरिकेत त्याला ऑस्करही मिळालं. एवढा मोठा माणूस टीव्हीच्या कामाला आला आणि त्याने सगळे दिवे उचलून छताला टांगले. वरून सगळीकडे सारखा, मऊ उजेड. कुठूनही बघा, चेहरा स्वच्छ दिसणार.

फ्रॉइंडने आणखी एक गंमत केली. टीव्हीच्या पडद्यावर काळं होतं त्याहून काळं दिसायचं आणि पांढरं भगभगायचं. म्हणून त्याने लूसीचं घर राखाडी रंगाच्या वेगवेगळ्या छटांनी रंगवून घेतलं. भिंती राखाडी, दारं राखाडी! आणि या राखाडी घरात वावरणाऱ्या लुसिलचे केस कसे होते? जर्द लाल. मुळात तपकिरी, पण मेंदी लावून लाल केलेले. मालिकेत त्या लाल केसांवरून सारखे विनोद व्हायचे आणि घरी बघणाऱ्यांना ते दिसायचे काळपट.

आता येतो राक्षस. तीन कॅमेऱ्यांनी तीन फिल्मा काढल्या, आणि आवाज आणखी वेगळ्या पट्टीवर. एका प्रसंगाची तीन रिळं! त्यातून कुठल्या क्षणी कुठलं चित्र घ्यायचं हे ठरवणार कसं? त्यासाठी एक खास यंत्र बनवून घेतलं. त्यात तिन्ही फिल्मा एकदम फिरायच्या, तीन छोट्या पडद्यांवर शेजारी शेजारी दिसायच्या आणि सोबत आवाजाची पट्टीही चालायची. संकलकांनी त्याचं नाव ठेवलं ‘तीन तोंडांचा राक्षस’. राक्षसासमोर बसायचं आणि ठरवायचं: इथे लूसीचा चेहरा, आता एथेलचा, आता दोघी एकत्र.

हे करून बघायचंय? घरातले तीन मोबाइल मागून घ्या. (मागून म्हटलंय, पळवून नाही.) तीन मित्रांना तीन ठिकाणी उभं करा, एक लांबून, दोन जवळून. तिघांनी चित्रीकरण सुरू केलं की मध्ये उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. मग तुमचं नाटुकलं न थांबता करा. नंतर तिन्ही चित्रफितींमध्ये टाळीचा आवाज शोधा आणि तिथून त्या जुळवा. सिनेमावाले लाकडी पट्टी फटकन आपटतात ती याचसाठी. आता कुठे कोणाचं चित्र घ्यायचं ते ठरवा. तुमची भांडणं होतील, ती संकलकांचीही होतात.

या सगळ्यातून मालिकेचा पहिला भाग लोकांसमोर आला १५ ऑक्टोबर १९५१ रोजी, सोमवारी रात्री ९ वाजता. शेवटचा दिसला ६ मे १९५७ रोजी. मधल्या साडेपाच वर्षांत १८० भाग झाले.

प्रेक्षकांच्या डोक्यावर मायक्रोफोन टांगलेले असायचे. त्यामुळे मालिकेत ऐकू येतं ते हसू त्या रात्री तिथे बसलेल्या माणसांचं आहे. लुसिलची आई जवळपास प्रत्येक चित्रीकरणाला हजर असायची. लूसी संकटात सापडणार असं दिसलं की आईच्या तोंडून ‘अगं बाई!’ अशा अर्थाचा आवाज निघायचा, आणि तोही फिल्मवर कायमचा बसलाय.

दुसऱ्याचं हसू ऐकून आपल्याला हसू का येतं? रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं हसण्याचाच अभ्यास केला. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट जास्त तो इतरांसोबत असताना हसतो, असं त्याला आढळलं. म्हणजे हसण्याचं कारण नुसता विनोद नसतो, शेजारी बसलेला माणूसही असतो. घरात एकट्याने टीव्ही बघणाऱ्याला ती सोबत हवी असते. हे ओळखून चार्ली डग्लस नावाच्या एका ध्वनितंत्रज्ञाने १९५३ साली हसण्याची पेटीच बनवली. तिच्यात टेपवर साठवलेले हसण्याचे नाना तऱ्हेचे आवाज होते. बटण दाबलं की बायका खुदखुदणार, दुसरं दाबलं की सातमजली गडगडाट. पेटीला तो कुलूप घालून ठेवायचा, कुणी आत डोकावू नये म्हणून! पुढे कित्येक मालिकांनी असं साठवणीतलं हसू वापरलं. मला विचाराल तर ते चटकन ओळखू येतं. प्रत्येक विनोदाला सारख्याच उत्साहाने हसणारी माणसं जगात कुठे असतात?

खऱ्या प्रेक्षकांमुळे नटांचीही त्रेधा उडायची. चॉकलेटच्या भागातल्या आणखी एका प्रसंगात लूसीशेजारी काम करणारी बाई नटी नव्हती. चॉकलेट बनवण्याच्या धंद्यातली खरी कारागीर आणली होती. प्रसंग असा की माशी मारायला लूसी तिच्या तोंडावर चॉकलेटचा हात मारते आणि ती उलट लूसीला एक ठेवून देते. त्या बाईंना नाटकी मारणं काय माहीत! त्यांनी अशी सणसणीत लगावली की लुसिलच्या डोळ्यांसमोर तारे चमकले. पण समोर ३०० माणसं, तीन कॅमेरे चालू. ती थांबली नाही.

माझा आवडता प्रसंग मात्र वेगळा आहे. ९ मे १९५५ च्या भागात हार्पो मार्क्स हा जुना विदूषक पाहुणा म्हणून आला. आपल्या एका मैत्रिणीला फसवायला लूसी त्याच्यासारखीच टोपी, त्याच्यासारखेच कुरळे केस आणि कोट घालते. पकडली जाईल अशी वेळ येते तेव्हा ती दाराच्या चौकटीत उभी राहते आणि त्याचा आरसा होते. त्याने उजवा हात वर केला की हिने डावा. तो वाकला की ही वाकणार. भावंडासमोर उभं राहून अर्धं मिनिट हे करून बघा. समोरच्याची पुढची हालचाल ओळखणं सोपं नाही. हार्पो तर ऐनवेळी सुचेल तसं करणारा माणूस, आणि लुसिल प्रत्येक हालचाल घोटून घोटून बसवणारी. दोघांचं कसं जमलं, तेच नवल.

चांदीत साठवलेल्या मालिकेचा खरा उपयोग कळला तो एका बाळामुळे. १९५२ साली लुसिलला पुन्हा बाळ होणार होतं, म्हणून मालिकेतही लूसीला बाळ होणार असं लिहिलं गेलं. १९ जानेवारी १९५३ रोजी टीव्हीवर छोटा रिकी जन्मला आणि त्याच दिवशी दवाखान्यात लुसिलचा खरा मुलगाही जन्मला! तो भाग ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्याच दिवशी आयझेनहॉवर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तो सोहळा बघणारे होते सुमारे २ कोटी ९० लाख. बाळाने राष्ट्राध्यक्षांना मागे टाकलं की हो!

लुसिलला विश्रांती हवी होती, तेव्हा त्या काळात मधूनमधून जुने भाग पुन्हा दाखवले. आणि काय आश्चर्य, लोकांनी ते आवडीने पाहिले. एकदा दाखवलेलं पुन्हा दाखवता येतं, पुन्हा विकता येतं, हे सगळ्यांना तेव्हा नीट उमगलं. आज तुम्ही आवडीचं कार्टून पन्नासाव्यांदा बघता आणि आई वैतागते, त्याची सुरुवात अशी झाली.

पगार कमी घेऊन मिळवलेली ती मालकी! पुढे हे भाग वाहिनीलाच विकून त्यांना लक्षावधी डॉलर मिळाले. १९५७ साली त्यांनी आरकेओ नावाचा अख्खा स्टुडिओ विकत घेतला. १९४० साली दोघांची पहिली भेट झाली होती ती याच स्टुडिओत, तेव्हा दोघंही तिथे नोकर होते. १९६० साली ते वेगळे झाले, तरी मैत्री शेवटपर्यंत टिकली. १९६२ साली देसीचा वाटा लुसिलने घेतला आणि एवढा मोठा स्टुडिओ चालवणारी ती हॉलिवूडमधली पहिली बाई ठरली. तोंडात चॉकलेटं कोंबणारी लूसी आता हिशेब बघत होती, करारांवर सह्या करत होती.

आणि मालिकेचा एक भाग हरवला, तोही बघा कसा. अगदी सुरुवातीला, मार्च १९५१ मध्ये, नमुना म्हणून एक भाग केला होता, आणि तो होता किनेस्कोपवर. तो गेला तो गेलाच, असं सगळ्यांना वाटलं. पण त्यात काम केलेल्या पेपितो नावाच्या विदूषकाला देसीने एक प्रत भेट दिली होती. ती त्याच्या घरी पडून होती. शेवटी १९९० साली ती सापडल्यावर टीव्हीवर दाखवली. फिल्मवरचे १८० भाग जपले गेले आणि किनेस्कोपवरचा एकटा जवळजवळ चाळीस वर्षं बेपत्ता राहिला!

लुसिलच्या बालपणीच्या गावात २००९ साली तिचा एक पुतळा बसवला. तो इतका भयंकर होता की लोक त्याला ‘भीतीदायक लूसी’ म्हणू लागले. लहान मुलं घाबरायची म्हणे! शेवटी ६ ऑगस्ट २०१६ रोजी, तिच्या वाढदिवशी, तिथे नवा छान पुतळा उभा राहिला. जुना त्याच बागेत दुसरीकडे आहे, कारण तो बघायलाही लोक मुद्दाम येतात.

लुसिलच्या स्टुडिओकडे एकदा एक खर्चिक कल्पना आली. अंतराळयानात बसून तारे धुंडाळणाऱ्या माणसांची मालिका. स्टुडिओतले जाणते लोक म्हणाले, परवडणार नाही. लुसिलने होकार दिला. ती मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. नाव ‘स्टार ट्रेक’, आणि त्यातल्या यानाचं नाव एंटरप्राइझ. चाहत्यांनी सरकारकडे पत्रांचा पाऊस पाडला, म्हणून सप्टेंबर १९७६ मध्ये नासाने आपलं पहिलं चाचणी स्पेस शटल बाहेर काढलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं एंटरप्राइझ. ते कधी अंतराळात गेलं नाही. जमिनीजवळच त्याच्या चाचण्या झाल्या.

लूसी मात्र अंतराळात गेली. खरंच!

टीव्हीच्या मनोऱ्यांमधून निघालेल्या रेडिओलहरी घरांच्या अँटेनांपर्यंत पोचतात आणि उरलेल्या पुढे जात राहतात. रेडिओच्या काही लहरी वातावरणातल्या आयनांच्या थरावर आपटून परत येतात, पण टीव्हीच्या लहरी तो थर भेदून बाहेर पडतात. बाहेर त्यांना अडवायला कोणी नाही. वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. म्हणजे १५ ऑक्टोबर १९५१ रोजी निघालेला पहिला भाग सूर्यमालेच्या पार केव्हाच गेला. व्याधाचा तारा ८.६ प्रकाशवर्षं दूर आहे, तिथे तो १९६० साली पोचला. श्रवणाला १९६८ मध्ये. अभिजित २५ प्रकाशवर्षं दूर, म्हणून तिथे १९७६ च्या शेवटी, जमिनीवरचं एंटरप्राइझ नुकतंच बाहेर आलं होतं तेव्हा. स्वातीजवळून तो गेला १९८८ मध्ये. रोहिणीलाही त्याने मागे टाकलंय.

तिथे कोणी असतं, तर त्यांना लूसी दिसली असती का? नाही. अंतर दुप्पट झालं की लहरींचा जोर पावपट होतो, तिप्पट झालं की नवव्या हिश्श्यावर येतो. इतक्या दूरवर त्या इतक्या क्षीण झाल्यात की आपल्या अँटेनांसारख्या अँटेनांना त्यांचा पत्ताही लागणार नाही. चित्र साठवायचं तर चांदीच बरी. पण लहरी निघाल्यात हे खरं आणि त्या थांबणार नाहीत हेही खरं.

वाटेतला पुढचा ठळक तारा म्हणजे मघा. एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमाराला डोक्यावर बघा, सिंह राशीत विळ्याच्या आकाराची चांदण्यांची रांग दिसेल. तिच्या मुठीशी मघा चमकते. ती सुमारे ७९ प्रकाशवर्षं दूर आहे. लूसीचा पहिला भाग तिथे पोचेल २०३१ च्या सुरुवातीला, आणि त्यामागून १९५७ पर्यंतचे सगळे भाग एकेक करून, २०३६ पर्यंत. चॉकलेटांचा भाग मघाजवळून जाईल तेव्हा तुम्ही कितवीत असाल, हिशेब करून आम्हाला कळवा.